चारशे चाळीसवर अडीच

लिंबू सरबताचे पेले ट्रेमध्ये मांडून लुसी ओट्याच्या दारापर्यंत आली आणि तिथेच तिला ते वाक्य लागलं. घाईत चौकट कपाळाला लागावी तसंच लागलं. बाहेर कॅथरिनचे वडील बसले होते, मुलीच्या लग्नाची डीव्हीडी न्यायला आलेले, आणि लुसीचा नवरा इग्नेशियस, लग्नांचे व्हिडिओ काढणारा, त्यांना सांगत होता, "मशीन आमच्या शेल्डननं सेट केलंय, अंकल. मेमरी एकदम फास्ट. म्हणून तर बाकीचे चार-चार महिने लावतात आणि आपण महिन्याच्या आत देतो." कॅथरिनचे वडील म्हणाले, "पोरगा हुशार आहे रे तुझा भाऊ." शेल्डन, तिचा धाकटा दीर, कठड्यावर बसून पाय हलवत होता. "नाय हो अंकल, थोडंफार," असं म्हणून त्यानं मान खाली घातली, आणि ती विनयानं घातलेली मान बघून लुसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलणाऱ्याचा राग येतोच, पण खोटं ऐकून लाजणाऱ्याचा जास्त येतो. तिनं ट्रे पुढे केला. कॅथरिनच्या वडिलांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "सरबत मस्त झालंय, हं." तिनं थँक्यू म्हटलं. इग्नेशियसनं तिच्याकडे पाहिलंही नाही. पेला उचलला, एका दमात संपवला आणि परत ट्रेमध्ये ठेवला, म्हणजे तिनं तो उचलून आत न्यावा.

ती आत आली ती थेट मागच्या खोलीत. या खोलीत पूर्वी कांदे आणि केळीचे घड ठेवायचे. अजूनही भिंतीला तो गोडसर कुबट वास होता आणि त्यात आता तापलेल्या धुळीचा वास मिसळला होता. टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्या डब्याचा एका बाजूचा पत्रा लुसीनं कधीच काढून ठेवला होता आणि उघड्या बाजूवर टेबलफॅन रोखून ठेवला होता. सासूबाई, बर्था, मूळच्या राजोडी गावच्या. त्यांना हा पंखा पहिल्या दिवसापासून खुपत होता. "मानसं घामानं भिजलीत आनि पंखा त्या डब्याला," त्या येता-जाता म्हणायच्या, "कोनी बघितलं तर काय म्हनेल?" लुसीनं त्यांना कधी समजावून सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं, पण ऐकण्यासारखं कुणी नव्हतं. तिनं उघड्या डब्यात हात घालून मेमरीच्या पट्ट्यांना बोट लावलं. तिला सवयच होती ती. पट्ट्या कोमट होत्या, कॅथरिनच्या डीव्हीडीची शेवटची प्रत नुकतीच निघाली होती. शेल्डननं सेट केलंय म्हणे. या पट्ट्या कुठल्या खाचेत बसतात हे तरी त्याला माहीत आहे का?

मेमरीचे दोन आकडे असतात. एक वेगाचा. हा मोठा असतो, पाकिटावर छापलेला असतो, दुकानदार तोच सांगतो आणि गिऱ्हाईक तोच लक्षात ठेवतं. यांच्या पट्ट्यांवर चारशे लिहिलं होतं. दुसरा वाट बघण्याचा. प्रोसेसरनं मागितलं आणि मेमरीनं दिलं, या दोघांच्या मध्ये किती ठोके रिकामे जातात, तो. तो एकटाही नसतो, ओळीनं चार असतात, तीन-चार-चार-आठ असे, आणि त्यातला पहिला सगळ्यात महत्त्वाचा. तो कुणी विचारत नाही. आता वेग वाढवायचा म्हटलं की ठोके भराभर पडायला लागतात, पण मेमरीला काही तेवढ्या घाईत हातात आणून देणं जमत नाही, मग वाट बघण्याचे ठोके वाढवून द्यावे लागतात. ते कमी करायला जावं तर वेग आवरता घ्यावा लागतो. दोन्ही एकदम कुणालाच मिळत नाही. कुठेतरी मध्ये एक जागा असते, जिथे वेगही बऱ्यापैकी आणि वाट बघणंही बऱ्यापैकी कमी, आणि ती जागा प्रत्येक पट्टीची निराळी. कुठल्या पुस्तकात ती छापलेली नसते. एकेक आकडा हलवून, मशीन पुन्हा सुरू करून, फ्लॉपीवरची परीक्षा लावून ती शोधावी लागते. लुसीनं ती शोधली होती. चारशे चाळीसवर अडीच. अडीच-तीन-तीन-सात. अडीच हा आकडा तिला फार आवडला होता. इंग्रजीत त्याला टू पॉइंट फाइव्ह म्हणायचं, म्हणजे अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. आपल्याकडे तो अख्खा आहे.

ही परीक्षा फार छळते. निळा पडदा, त्यावर पांढरे आकडे धावत असतात, आणि मेमरीतल्या लाखो घरांपैकी एका जरी घरात ठेवलेली गोष्ट परत काढताना वेगळी निघाली की तांबडी ओळ उमटते. एक तांबडी ओळ म्हणजे सगळं फुकट. लुसी ती सकाळी लावायची, मुलगी, अँजेलिना, शाळेत गेली की, आणि मग भाजी निवडताना, मासळी साफ करताना, हात धुऊन मधेच येऊन बघून जायची. सासूबाईंना वाटायचं ही टीव्ही बघायला जाते. किती तरी वेळा परीक्षा संपत आली आणि वीज गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक गास गावात कधी पाळलं गेलं आहे? मग पुन्हा पहिल्यापासून. जानेवारीत तिला चारशे पन्नास मिळाले होते. गार हवा होती, वाडीतून ओला वारा यायचा, परीक्षा एका बैठकीत पास. त्या दिवशी तिला नाचावंसं वाटलं होतं आणि तिनं त्या आनंदात काय केलं, तर डुकराच्या मटणाचं सोरपोतेल केलं. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं आणि कुणी विचारलं नाही की आज कशाबद्दल. एप्रिल आला, भिंती तापल्या, आणि त्याच पट्ट्या त्याच आकड्यांवर तांबड्या ओळी ओकायला लागल्या. ती दहा खाली आली. मनाला फार लागलं होतं ते दहा खाली येणं. पण चारशे चाळीस मात्र मे महिन्यातही टिकले, आणि तेव्हा तिला कळलं की हिवाळ्यात जे मिळतं ते खरं नसतं.

हे सगळं तिला कुणी शिकवलं? कुणी नाही. कॉम्प्युटरची मासिकं यायची, त्यांच्याबरोबर सीडी असायची. मग फोनच्या तारेवरून इंटरनेट. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की ती फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावायची आणि एका साइटवर जायची, जिथे देशभरातली पोरं आपापल्या मशीनचे आकडे मांडून भांडायची. तिथे तिचं नाव नुसतं 'एल. गास' होतं. तिनं चारशे चाळीसचे आकडे टाकले तेव्हा कोइमतूरच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'सुंदर काम, ब्रो. बाकी सगळे वेगामागे पळतात, तुला टायमिंग कळतं.' ते वाक्य तिनं कितीदा वाचलं याची गणती नाही. ब्रो. तिनं ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त केलं असतं तर पुढचं वाक्य आलं नसतं, एवढी अक्कल तिला होती. उभ्या आयुष्यात तिच्या डोक्याचं जे एकमेव कौतुक झालं ते एका पुरुषाच्या नावावर झालं, आणि तो पुरुष अस्तित्वातच नव्हता. निदान तिथे तरी शेल्डन नव्हता.

ओट्यावर हसण्याचा आवाज झाला. इग्नेशियसचं हसू मोठं आणि लवकर येतं. त्याचं सगळंच लवकर, असं गावात म्हणतात. लग्नात सगळ्यांच्या आधी चर्चच्या दारात कॅमेरा घेऊन हजर, केक कापायच्या आधी लाइट लावून तयार. आणि घरात? घरात त्याला काही विचारा आणि बसा. लग्न ठरायच्या बैठकीत लुसीनं स्वतः विचारलं होतं, सगळ्यांसमोर, मावशीनं चिमटा काढला तरी विचारलं होतं की मी प्रेसमधली नोकरी चालू ठेवली तर चालेल ना? वसईला एका छापखान्यात ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची. कबुतरं, घंटा, दोन अंगठ्या, बायबलमधलं वचन, सगळं तिच्या हातचं. इग्नेशियस तेव्हा नुसता हसला होता. ते हसू तिनं होकार समजून घेतलं. खरं उत्तर आलं तेव्हा अँजेलिना पोटात होती. जेवताना, मधेच, आमटी वाढून घेता घेता तो म्हणाला होता, "प्रेसचं आता बंद कर. कशाला उगाच?" एवढ्या वर्षांनी. तिला आधी कळलंच नाही की हे त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि कळलं तेव्हा भांडायला प्रश्न शिल्लक नव्हता, ताटात आमटी होती. त्यांच्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. नुसती वाट बघायला लावतात, इतकी की मागणाऱ्यालाच लाज वाटावी. वाट बघणाऱ्याचे ठोके मोजायचं यंत्र कुणी काढलेलं नाही, नाहीतर तिनं ते आधी या घराला लावलं असतं.

इग्नेशियसनं कॉम्प्युटर आणला तेव्हाही तो तिच्यासाठी आणला नव्हता. टेपवरून टेपवर कापाकापी करणं जुनं झालं होतं, लोकांना डीव्हीडी हवी होती, आकाशातून गुलाबाच्या पाकळ्या पडायला हव्या होत्या. तो दोन दिवस माउस धरून बसला आणि वैतागला. "तुला प्रेसचं येतं ना, बघ जरा," असं म्हणून उठला तो पुन्हा बसला नाही. मग तीच बघत राहिली. गासची, निर्मळची, नंदाखालची किती लग्नं तिनं या खोलीत लावली असतील! रिवाजाप्रमाणे विहिरीवरून पाणी आणायला निघालेला बँड, नवरीच्या आईचं रडणं नेमकं कुठे कापायचं, फादरचं लांबलेलं प्रवचन कसं आटपायचं, कुणाचा दारू प्यालेला मामा नाचात दाखवायचा आणि कुणाचा नाही. तिला अख्ख्या पंचक्रोशीतली माणसं चेहऱ्यानं माहीत होती आणि बाजारात ती समोर आली तर त्यांना ही कोण ते माहीत नव्हतं. डीव्हीडीच्या शेवटी नावं येतात. ती नावं तीच टाईप करायची. कॅमेरा इग्नेशियस. एडिटिंग इग्नेशियस व्हिडिओ. एकदा तिनं खाली बारीक अक्षरात लुसी असं लिहून बघितलं, मिनिटभर बघितलं आणि पुसून टाकलं. इग्नेशियसनं पुसायला लावलं असतं असं नाही. त्याला ते दिसलंच नसतं आणि तेच तिला बघायचं नव्हतं.

शेल्डनची पाचशेची भानगड कॅथरिनच्याच लग्नातली. तो बोरिवलीला कुठला तरी मल्टिमीडियाचा कोर्स करून आला होता. एक दिवस लुसी बाजारात गेलेली असताना मित्रांना घेऊन या खोलीत बसला आणि सेटिंगमध्ये शिरून सरळ पाचशे केले. वाट बघायचे आकडे पार ढिले सोडले, कारण त्याशिवाय मशीन उठलंच नसतं. मशीन सुरू होताना पडद्यावर पाचशे उमटले आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या म्हणे. ती परत आली तेव्हा कॅथरिनची वरात अर्ध्यात गोठून पडली होती. नवरीचा चेहरा हिरव्या-जांभळ्या चौकटींत फुटला होता. दिवसभराचं काम गेलं.  इग्नेशियस म्हणाला, "वीज गेली असेल."  तिनं आपले चारशे चाळीस आणि अडीच परत घातले आणि एक गोष्ट जास्तीची केली. मशीन सुरू होताना आकडे दिसतात त्यांच्या जागी कंपनीचं चित्र दिसेल अशी खूण केली. म्हणजे शेल्डननं पुन्हा बघितलं तरी त्याला चित्रच दिसावं. तेव्हापासून तो समजत होता की मशीन त्याच्या पाचशेवर पळतंय. तिला त्यात मजा वाटली होती. तोंडावर गोड आणि आत चारशे चाळीस. आपण एकट्यानंच हसायच्या विनोदाची शेवटी किंमत काय होते, ते आज ओट्यावर कळलं. तो तिच्या कामावर आपलं नाव लावून बसला होता, आणि त्याला तो खोटेपणाही वाटत नव्हता, कारण त्याला खरंच तसं वाटत होतं. ही सोय त्याला तिनंच करून दिली होती.

आणि हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं असतं तर ती पचवूनही गेली असती. पण रविवारी दुकान उघडणार होतं. सोपाऱ्याच्या रस्त्यावर एक गाळा घेतला होता, काचेचं दार, आत एसी, फादर येऊन आशीर्वाद देणार, आणि मशीन शनिवारी तिकडे जाणार. गाळा घ्यायचं ठरलं तेव्हापासून लुसीनं मनात धरलं होतं की तिथे ती बसणार. का नाही धरायचं? काम तीच करते, अँजेलिना मोठी झाली, सासूबाई अजून हिंडत्या-फिरत्या. तिनं दोन चुडीदार शिवून घेतले होते, एक मोतिया आणि एक गर्द निळा, आणि ते कपाटात घडी मोडून घडी घालून ठेवले होते. काचेच्या दारामागे खुर्चीवर बसलेली ती, समोर पडदा, येणारा-जाणारा बघतोय. नाव नको, पाटी नको, नुसतं दिसलं तरी पुरे होतं. तिनं इग्नेशियसला विचारलं होतं, "दुकानात कोण बसणार?" तेव्हा तो कॅमेऱ्याची बॅटरी लावत होता. "बघू," म्हणाला. आणि आज, कॅथरिनचे वडील गेल्यावर, रिकामे पेले विसळत असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं त्याचं उत्तर दिलं. "शेल्डन बसेल दुकानात. त्याचाही काहीतरी धंद्याला हातभार. तू थोडे दिवस त्याला दाखव काय ते, फोनवर."

"फोनवर?" ती म्हणाली.

"म्हणजे त्याला लागलं तर. तसं त्याला येतंच सगळं."

"मशीन त्यानं सेट नाही केलेलं, इग्नेशियस."

"अगं, ते अंकलसमोर बोलायचं असतं. पोरगा आहे, जरा वर येतो त्यानं. तुला काय त्याचं?" तो खरंच विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही कपट नव्हतं आणि तेच फार जीवघेणं होतं. आतून सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, त्या डब्याचा पंखा तरी सुटेल." इग्नेशियस हसला, मोठ्यानं आणि लवकर. लुसीनं नळ बंद केला. तिला म्हणायचं होतं की मला त्याचं सगळं काही आहे. पण तिचंही उत्तर वेळेवर आलं नाही. या घरात राहून तिलाही ती खोड लागली होती.

शुक्रवारी दुपारी दोघे भाऊ रंगाऱ्याबरोबर गाळ्यावर होते. सासूबाई मागच्या दारी मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे करत बसल्या होत्या, दादरच्या गाडीला द्यायचे. लुसीनं मशीन सुरू केलं आणि कंपनीचं चित्र येता येता डिलीटचं बटण दाबून धरलं. सेटिंगचा निळा पडदा आला. चारशे चाळीस. अडीच, तीन, तीन, सात. त्या आकड्यांकडे तिनं बराच वेळ बघितलं. तिला स्वतःची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. एवढंसं तर होतं. एका ओळीत मावणारं. त्याच्यात जानेवारी ते मे गेले होते. दुसऱ्या कुणाच्या बायकोनं दागिने घेतले असते, माहेरी गेली असती, आरडाओरडा केला असता. हिच्याकडे घेऊन जाण्यासारखे हे चार-पाच आकडे होते. खाली एक ओळ असते: कारखान्यातून आलं तसं करायचं का? ती त्या ओळीवर गेली. हो किंवा नाही विचारलं गेलं. तिच्या मनात आलं, हे यंत्र बघा, विचारतं तरी. तिनं हो म्हटलं. सगळे आकडे एकदम बदलले. चारशे, तीन-चार-चार-आठ. पाकिटावर छापलेले, सगळ्यांचे असतात तेच. कंपनीचं चित्र मात्र तिनं पुन्हा लावून ठेवलं.  मग तिनं टेबलफॅन उचलला आणि नेऊन सासूबाईंच्या बाजूला लावला. त्या वर बघून म्हणाल्या, "आता कशी अक्कल आली!"

रविवारी फादरनी प्रार्थना म्हटली, काचेवर, खुर्चीवर, कीबोर्डवर पवित्र पाणी शिंपडलं. कीबोर्डवर पाणी पडू नये म्हणून शेल्डननं आधीच प्लास्टिक घातलं होतं. इग्नेशियस चार शब्द बोलला. त्यानं फादरचे आभार मानले, मम्मीचे मानले, शेल्डनचे मानले, गाळ्याच्या मालकाचे मानले, "आणि घरच्यांनी नाश्त्याची तयारी केली त्यांचे," असं म्हणून टाळ्या घेतल्या. लुसी मोतिया चुडीदार घालून सामोशांच्या बशा फिरवत होती. तिला वाईट वाटलं नाही, कारण तिच्या मनात एक गोष्ट बसली होती आणि ती तिला आतून ऊब देत होती. यांना कळेल. लग्नाचा हंगाम आहे, पाच लग्नं पडून आहेत. मशीन रेंगाळायला लागेल. रोजच्यापेक्षा काम मागे पडेल, शेल्डन सेटिंगमध्ये शिरेल, पाचशे करेल, मशीन गोठेल, गिऱ्हाईक ओरडेल, आणि मग फोन येईल.

फोनची ती वाट बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा वाट बघण्यात तिला गोडी वाटत होती, कारण या वेळी दुसऱ्या टोकाला जे अडणार होते ते दुसरे होते. ती काय बोलणार हेही तिनं ठरवून ठेवलं. वहिनी, मशीन स्लो झालंय, येशील का? असं शेल्डन म्हणेल. ती लगेच हो म्हणणार नाही. बघू म्हणेल. थोडे दिवस जाऊ देईल. मग इग्नेशियस स्वतः येईल, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहील, आणि तेव्हा ती सांगेल की येते, पण खुर्चीवर मी बसेन. भांडी घासताना, अँजेलिनाची वेणी घालताना, वाडीतली वांगी काढताना हे संभाषण ती पुन्हा पुन्हा चालवून बघत होती, आणि प्रत्येक वेळी त्यात एखादा शब्द घट्ट करत होती. फोन वाजायचा. मावशीचा असायचा, बँडवाल्याचा असायचा, चुकीचा नंबर असायचा. एकदा शेल्डनचा आला.  "वहिनी," तो म्हणाला, "मम्मीला सांग, मी जेवायला उशिरा येतो." बस. तिनं विचारलं, "काम बरं चाललंय ना?" तो म्हणाला, "एकदम." आठवडे गेले. इग्नेशियसनं दोन लग्नांच्या डीव्हीडी देऊन टाकल्या. तिसरीही दिली. ती रोज त्याच्या चेहऱ्यावर वैताग शोधत होती आणि तिथे पूर्वी नव्हता असा एक आराम दिसत होता.

शेवटी तिला राहवेना. दुपारचा डबा द्यायचं निमित्त करून, निळा चुडीदार घालून, ती रिक्षानं गाळ्यावर गेली. काचेचं दार ढकललं, गार हवा अंगावर आली. इग्नेशियस आतल्या बाजूला कुणाला तरी अल्बम दाखवत होता. त्यानं नुसती मान हलवली. शेल्डन खुर्चीवर रेलून बसला होता आणि समोर पडद्यावर एक लग्न तयार होत होतं. खाली हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. लुसी त्याच्या मागे उभी राहिली आणि त्या पट्टीकडे बघायला लागली. तिला वाटलं होतं की बघितल्याबरोबर कळेल. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावला की आईला कळतं, तसं. ती बघत राहिली. पट्टी सरकत होती. घरीही सरकायची. अशीच? याहून भरभर? तिनं डोळे बारीक केले, श्वास धरला, अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की तिला काही कळत नाहीये. घड्याळ लावून मोजलं असतं तर शंभर मिनिटांच्या कामात सहा-सात मिनिटांचा फरक निघाला असता. तो आकडा तिला आधीपासून माहीत होता. त्या साइटवर तिनंच तो लिहिला होता. सहा-सात मिनिटं. तेवढ्यात माणूस चहा पिऊन येतो. शेल्डन तर दिवसातून चारदा चहा प्यायला जात होता.

"बघ ना वहिनी," शेल्डन मागे न वळता म्हणाला, "घरी होतं त्यापेक्षा इथे जास्त पळतंय. पाचशेवर आहे ना. तिकडे हवा लागत नव्हती त्याला."

तिच्या ओठांवर शब्द आले होते. पाचशेवर नाही रे बाबा, चारशेवर आहे, पाकिटातून काढलं तसं आहे, तू कधीच काही केलं नव्हतंस आणि मी होतं ते काढून घेतलं. खरं होतं, आणि बोलायला एक क्षण लागला असता. पण बोललं की तो मागे वळणार, आश्चर्यानं बघणार आणि विचारणार, मग फरक काय पडला? त्याच्या विचारण्यातही काही कपट नसेल. त्याला खरंच जाणून घ्यायचं असेल. एवढे दिवस ती यांच्या तोंडून तो फरक ऐकायला थांबली होती, आणि आता तिच्याकडेच त्यांना सांगण्याइतका फरक नव्हता.

"हो," ती म्हणाली. "पळतंय."

"उभी का? बस की." त्यानं पायानं एक प्लास्टिकचं स्टूल तिच्याकडे सरकवलं, नवरा-नवरी आपली डीव्हीडी बघायला येतात तेव्हा त्यांच्यासाठी ठेवलेलं. तिनं डबा मांडीवर घेतला आणि ती त्याच्यावर बसली.